क्लोंडाइकचा गोल्ड रश आणि एरास्टस ब्रेनर्ड : ही पत्रकारिता म्हणावी काय?

प्रश्न (वृत्तशोधक)
१८९७ साली कॅनडाच्या वायव्येकडील क्लोंडाइक भागातल्या सोन्यामागे धावणारा लोंढा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिएटल बंदराकडे वळवण्याचे श्रेय एरास्टस ब्रेनर्ड या संपादकाला दिले जाते. एका वृत्तपत्रकाराने हे कसे साधले, आणि त्या कामाला पत्रकारिता म्हणता येईल काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (जुनी कात्रणे)
ब्रेनर्ड हार्वर्डचे पदवीधर. अटलांटा आणि फिलाडेल्फिया येथील वृत्तपत्रांत काम केल्यावर ते १८९० मध्ये संपादक म्हणून सिएटलला आले. १८९३ च्या मंदीने शहराचे कंबरडे मोडले होते. १७ जुलै १८९७ रोजी 'पोर्टलंड' हे जहाज सोने घेऊन सिएटलच्या धक्क्याला लागले खरे, परंतु 'एक्सेलसियर' जहाज त्याआधीच सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले होते, शिवाय टाकोमा आणि व्हँकुव्हर यांचाही त्याच गिऱ्हाइकांवर डोळा होता. म्हणून सिएटलच्या 'चेंबर ऑफ कॉमर्स' या व्यापारी संघटनेने प्रसिद्धीसाठी समिती नेमून तिचे काम ब्रेनर्ड यांच्याकडे सोपवले. 'पोस्ट-इंटेलिजन्सर' या सिएटलच्या वृत्तपत्राच्या क्लोंडाइक विशेषांकाच्या दोन लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतल्या सत्तर हजारांवर देशभरच्या पोस्टमास्तरांना धाडल्या गेल्या. ब्रेनर्ड यांची खरी करामत मात्र वेगळीच होती : सिएटलच्या रहिवाशांनी आपापल्या मूळ गावच्या वृत्तपत्रांना पत्रे लिहावीत अशी त्यांनी व्यवस्था केली आणि टपालखर्च चेंबरने उचलला.

प्रतिसाद २ (पानसुपारी)
मला ती पत्रेच खटकतात. दूरच्या खेड्यातल्या वाचकाला आपल्याच गावच्या माणसाची सही दिसे, पण त्या सहीमागे व्यापाऱ्यांचा पैसा आहे, हे त्याला कळण्याची सोय नसे. आणि त्या वाचकाच्या वाट्याला काय आले, तेही पाहावे. कॅनडाचे घोडेस्वार पोलीस वर्षभराचा शिधा सोबत असल्याशिवाय सरहद्द ओलांडू देत नसत. अवजारे धरून हे सामान जवळजवळ एक टन भरे, आणि ते चिलकूट खिंडीतून पाठीवर, खेपा करकरून वाहावे लागे. सिएटलच्या दुकानांची भरभराट याच सामानावर झाली. सुमारे एक लाख माणसे निघाली, तीस-चाळीस हजार पोहोचली. १८९८ च्या उन्हाळ्यात ती क्लोंडाइकमधल्या डॉसन या गावी आली तेव्हा सोन्याच्या ओढ्यांकाठच्या चांगल्या जागा केव्हाच इतरांनी अडवल्या होत्या. वाचकाचा विश्वास गिऱ्हाईक मिळवण्यासाठी वापरणे याला मी पत्रकारिता म्हणणार नाही.

प्रतिसाद ३ (उत्तरवाट)
आपला आक्षेप मान्य आहे, तथापि एक गोष्ट विसरू नये : ब्रेनर्ड स्वतःही क्लोंडाइकला गेले आणि श्रीमंत न होताच परतले. इतरांना जे सांगितले त्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास होता, असे मला यावरून वाटते. पुढे १९०४ पासून काही वर्षे ते त्याच 'पोस्ट-इंटेलिजन्सर'चे संपादक होते; १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे कागदपत्र सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जतन केलेले आहेत. प्रश्नकर्त्याने अभ्यासाची सुरुवात तिथूनच करावी, कारण ही मोहीम कशी आखली गेली हे चरित्रांपेक्षा मूळ पत्रव्यवहारातून अधिक स्पष्ट होईल.