नाक्सोसची जुनी चर्चं: किल्ली कुठे मिळते, आत काय बघायचं?

रानवाट:
जुलैच्या पहिल्या आठवड्यात ग्रीसच्या नाक्सोस बेटावर दोन पूर्ण दिवस हातात आहेत. समुद्रकिनारे नकोत, बिझंटाईन (म्हणजे मध्ययुगीन पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातली) भित्तिचित्रं बघायची आहेत. पानाइया द्रोसियानी आणि अपिरांथोसजवळची आयिआ किरियाकी ही दोन ठरली आहेत. पण चित्रं असलेली शंभराहून जास्त चर्चं बेटावर आहेत आणि बहुतेकांना कुलूप असतं, असं वाचलं. किल्ली कुणाकडे मिळते? गाडी घ्यावीच लागेल का? आणि किरियाकीत माणसांऐवजी पक्षीच का रंगवलेत?

घुमटी:
आधी तारीख पक्की करा. संत किरियाकीचा सण 7 जुलैला असतो. आडरानातली अशी चर्चं ज्या संताच्या नावाची, त्याच्या सणालाच हमखास उघडतात, बरेचदा आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेलाही. तुमचा एक दिवस तिथे जुळत असेल तर बाकी सगळं त्याभोवती बसवा. एरवी तासभर चालून जाल आणि बंद दार बघून परत याल. अपिरांथोसहून जाणाऱ्या त्या वाटेवर सावली जवळजवळ नाही, तेव्हा सकाळी लवकर निघा आणि पाणी सोबत ठेवा. किल्लीची चौकशी चालायला लागण्याआधी गावातच, काफेनियोत म्हणजे कॉफीच्या दुकानात करा. चर्चपाशी विचारायला कुणी भेटत नाही.

दुसरा दिवस त्रागेआ खोऱ्याला द्या. त्यासाठी गाडी लागत नाही. होरा या बेटावरच्या मुख्य गावाच्या बंदराजवळून हाल्की, फिलोती, अपिरांथोस अशी बस जाते. हाल्कीला उतरा. रस्त्यालगतचं प्रोतोथ्रोनी हे गावाचं रोजच्या वापरातलं चर्च, म्हणून ते उघडं मिळण्याची शक्यता बरी. फक्त दुपारी जाऊ नका, त्या वेळी सगळं गाव बंद असतं. तिथून ऑलिव्हच्या बागांतून पाऊण-एक किलोमीटरवर आयिओस येओर्गिओस दियासोरितिस, त्यात 11 व्या शतकातली चित्रं आहेत. तीच पायवाट पुढे चढत मोनी गावाकडे जाते आणि गावाच्या अलीकडे द्रोसियानी लागते. हाल्कीपासून रमतगमत दीड तास धरा. मोनीहून बस फार कमी, म्हणून परतीला पुन्हा चालत हाल्कीलाच उतरा.

द्रोसियानी उन्हाळ्यात बहुधा उघडी असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मेणबत्ती घेतलीत तर पेटीत एक-दोन युरो टाका. फोटो काढण्याआधी विचारा, आणि नाही म्हटलं तर वाद घालू नका.

चुनखडी:
पक्ष्यांबद्दल. बिझंटाईन साम्राज्यात मूर्तिचित्रांना, म्हणजे ख्रिस्त आणि संतांच्या मनुष्याकृतींना, विरोध झाला तो दोन टप्प्यांत: साधारण 726 ते 787 आणि 815 ते 843. किरियाकीची सजावट सहसा 9 व्या शतकातली मानतात, म्हणून ती दुसऱ्या टप्प्याशी जोडली जाते. पण मनुष्याकृती नाही म्हणजे बंदीच्या काळातलं, हे समीकरण सरसकट लावू नका. कमी खर्चात चर्च सजवायचं तरी क्रूस आणि भौमितिक नक्षी सोयीची असते, आणि अभ्यासकांत यावर वाद आहेच. पक्ष्यांच्या गळ्यातल्या फिती मात्र नीट बघा. ही रीत इस्लामपूर्व सासानी राजवटीतल्या इराणच्या रेशमी वस्त्रांवरून पसरली आणि पुढे इस्लामी कलेतही टिकली. एजियन समुद्रातल्या एका डोंगरी चर्चमध्ये ती दिसावी, हीच खरी गंमत.

प्रोतोथ्रोनीत चित्रांचे थरावर थर आहेत. जुन्या चित्रावर नवा गिलावा धरावा म्हणून त्यात टोकदार हत्याराने खाचा मारत. चेहऱ्यांवर पसरलेल्या त्या पांढऱ्या खाचा बघून कुणी तरी विध्वंस केला असं पाहुणे म्हणतात. बहुतेक वेळा ती गवंड्याची तयारी असते. विद्रूप करणारा डोळे नेमके शोधून खरवडतो, गवंडी सगळीकडे सारख्या अंतरावर खाचा मारतो.

द्रोसियानीतही नंतरचा थर काढल्यावर 6 व्या-7 व्या शतकाच्या सुमाराची चित्रं दिसली. घुमटात ख्रिस्त दोनदा आहे, एक तरुण, एक दाढीवाला. मान दुखेपर्यंत बघा, असं दुसरीकडे सहज मिळणार नाही. मूळ इमारत तीन अर्धवर्तुळी कोनाड्यांची. उत्तरेकडची लहान देवघरं वेगळी ओळखा.

वळचण:
वरच्या दोघांनी एक अडचण सांगितली नाही. सगळ्यांत मोलाची चित्रं बरेचदा पूर्वेच्या कोनाड्यात, म्हणजे वेदीच्या पडद्याआड असतात. तिथे आत जायचं नाही, पुरुषांनीही नाही. दारातून दिसेल तेवढंच. 8 पटींची छोटी दुर्बीण न्या, घुमटासाठीही तीच कामी येते. आत शिरल्यावर पाच-सात मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावले की अर्धी चित्रं तेव्हाच दिसू लागतात. परवानगी असेल तर मंद विजेरी भिंतीला जवळजवळ समांतर धरा. थरांच्या कडा आणि खाचा उठून दिसतात. समोरून झोत टाकला की सगळं सपाट होतं.

भिंतीवरचा पांढरा भुरा म्हणजे क्षार. भिंतीतली ओल बाहेर येऊन सुकते, क्षार मागे राहतात आणि रंगाचा पापुद्रा सुटतो. पूर्वी सिमेंटने बुजवलेल्या जागांभोवती हे जास्त दिसतं, कारण सिमेंट ओल अडवतं आणि ती शेजारच्या चुन्याच्या गिलाव्यातून वाट काढते. बोटाने पुसून बघू नका, रंगच हाताला येतो.

रानवाट:
6 ला संध्याकाळी अपिरांथोसला मुक्काम, 7 ला पहाटे किरियाकी, 8 ला हाल्की ते मोनी. चालेल ना?

घुमटी:
चालेल. फक्त 6 च्या संध्याकाळची प्रार्थना किती वाजता आहे ते होराहून निघण्याआधी विचारून घ्या. ती असेल तर दुपारची बस धरा आणि अंधारातल्या परतीसाठी डोक्याला लावायची विजेरी ठेवा.