राजापूरच्या इंग्रज व्यापाऱ्याची पत्रं: किती धरायची, किती सोडायची?

खतावणी (धागाकर्ता)

शिवकालावर वाद सुरू झाला की कुणीतरी ‘इंग्रजांच्या पत्रात असं लिहिलंय’ म्हणतं आणि बाकीचे गप्प बसतात. मला हे पटत नाही. ही पत्रं व्यापाऱ्यांची आहेत. नुकसान कुणाच्या नावे पडणार, या एका चिंतेतून त्यातली निम्मी लिहिली गेली आहेत. ती चिंता बाजूला ठेवून वाचलं तर अर्थ उलटाच लागतो.

उदाहरण हेन्री रेव्हिंग्टनचं घेऊ. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूर वखारीचा प्रमुख. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा हा गृहस्थ उखळी तोफ आणि गोळे घेऊन तिथे गेला आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर मारा केला. मार्च १६६१ मध्ये महाराज राजापूरवर आले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. शेवटची सुटका व्हायला फेब्रुवारी १६६३ उजाडलं.

कैदेतून या मंडळींनी सुरतेला, म्हणजे कंपनीच्या इकडच्या मुख्य वखारीला, पत्रांमागून पत्रं पाठवली. आम्ही कंपनीचे नोकर इथे सडतो आहोत आणि तुम्ही हातावर हात ठेवून बसला आहात, असा त्यांचा सूर. सुरतेच्या कौन्सिलने मार्च १६६२ मध्ये दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. तुम्ही कैदेत का पडलात हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, कंपनीचा माल राखताना नाही, तर पन्हाळ्याला जाऊन सगळ्यांच्या ओळखीच्या इंग्रज निशाणाखाली गोळे फेकलेत म्हणून, असा त्याचा आशय.

आपल्याकडे हे उत्तर ‘इंग्रजांनी आपली चूक कबूल केली’ म्हणून सांगतात. पण या पत्राची नक्कल लंडनला जाणार, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. राजापूरचं नुकसान सुरतेच्या माथी येऊ नये म्हणून रेव्हिंग्टनला एकट्याला पुढे केलं आहे. घटना खरी आहे, निशाणही खरं आहे. ‘आमचा याच्याशी संबंध नाही’ हा भाग मात्र तपासल्याशिवाय घेता येत नाही.

माझा नियम साधा आहे. लिहिणाऱ्याच्या अंगाशी येणारी गोष्ट त्यानेच लिहिली असेल तर ती धरावी. त्याची मान सोडवणारी असेल तर दुसरा पुरावा शोधावा.

---

गडवाट

असहमत. हा नियम लावला तर हातात काही उरणार नाही. त्या काळची मराठी कागदपत्रं मुळातच थोडी. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या ताब्यात गेला, तिथलं दफ्तर आज आपल्याकडे नाही. बखरी बहुतेक नंतरच्या. मग त्या त्या आठवड्यात, त्या त्या गावात बसून लिहिणारा माणूस उरतो तो हा व्यापारीच.

आणि तो व्यापारी होता म्हणूनच मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो. चुकीच्या बातमीवर त्याचे पैसे बुडत. कुठली वाट चालू आहे, कुठलं बंदर बंद आहे, फौज कुठे आहे हे नीट कळलं नाही तर मिरी आणि कापड अडकून पडायचं आणि जहाज अर्धं रिकामं जायचं.

महाराजांच्या निधनाचं पाहा. २८ एप्रिल १६८० चं मुंबईचं पत्र सांगतं की मृत्यूला २३ दिवस झाले, आजार १२ दिवसांचा, अतिसाराचा. आपली तिथी चैत्र शुद्ध १५, म्हणजे इंग्रजांच्या तेव्हाच्या कॅलेंडरने ३ एप्रिल. फरक दोन दिवसांचा! रायगडावर कडक गुप्तता असताना मुंबईत बसलेल्या माणसाला इतकं नेमकं कळतं, हे लहान काम नाही. आणि सुरतवाले ७ मे रोजी काय लिहितात? सगळीकडून खात्री झाली आहे, तरी काहींना अजून शंका वाटते, कारण मोठ्या मोहिमेआधी अशा अफवा यापूर्वीही उठल्या होत्या. मिळालेली बातमी किती पक्की आहे हेसुद्धा जो सांगतो तो साक्षीदार मला हवा.

राज्याभिषेकाचंही तसंच. कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन १६७४ मध्ये तहासाठी रायगडावर होता. सुवर्णतुलेला सुमारे १६,००० होन (सोन्याची नाणी) लागले असं इंग्रजांच्या कागदात आहे. एक होन साधारण ३.४ ग्रॅम धरला तर ५४ किलो होतात. माणसाच्या वजनाचा आकडा आहे, भाटाचा नव्हे.

---

अर्जुनाकाठ

मी राजापूरचा, म्हणून बोलतो. मला दोघांचंही पटत नाही, आणि खतावणी यांचा नियम तर पैशाच्या बाबतीत लावताच येत नाही. लोक या पत्रांतल्या विशेषणांवर भांडतात आणि आकडे डोळे मिटून घेतात. मला आकड्यांचीच शंका येते.

१६६१ च्या लुटीची भरपाई मागायला १६७२ मध्ये लेफ्टनंट उस्टिक गेला, १६७३ मध्ये थॉमस निकोल्स, मग १६७४ मध्ये ऑक्झेंडन. तहात १०,००० होन ठरले. पण हा आकडा घासाघीस होऊन आलेला आहे. हे लोक कंपनीची नोकरी करता करता स्वतःचाही व्यापार करत. लेखनिकाला वर्षाला १० पौंड पगार, तेवढ्यासाठी आफ्रिकेला वळसा घालून कोण येतो? वखारीत कंपनीचा माल कुठे संपला आणि साहेबाचा कुठे सुरू झाला, हे लुटीनंतर त्याच साहेबाने सांगायचं. नुकसानीच्या दाव्यात लिहिणाऱ्याच्या अंगाशी येणारं काही नसतंच. मग तुमचा नियम तिथे काय करणार?

दुसरं म्हणजे, राजापूर हे इंग्रजांच्या वखारीपेक्षा फार मोठं बंदर होतं. अरबस्तान-इराणकडची जहाजं इथे लागत, घाटावरून मिरी आणि कापड उतरत असे. त्या लुटीत इथल्या व्यापाऱ्यांचंही गेलं. त्यांच्यासाठी कुणी बारा-तेरा वर्षं पाठपुरावा केला नाही, कारण त्यांच्यामागे लंडनची कंपनी नव्हती. कागद ज्याचा टिकला, त्याचंच दुःख आज मोजलं जातं. आमच्या गावाचा १७ व्या शतकाचा इतिहास म्हणजे एका परदेशी पेढीचा दावा होऊन बसला आहे, याचा मला मनापासून त्रास होतो.

---

खतावणी

@अर्जुनाकाठ, दाव्याच्या रकमेवर विश्वास ठेवा असं मी म्हटलेलंच नाही. दावा हा मान सोडवणारा कागद, म्हणून तो तपासायचाच. आकडा मान्य करायचा तो रोजच्या व्यवहारातला: काय भावाने मिरी घेतली, किती कर्ज काढलं. सुरतेचा बडा व्यापारी वीरजी व्होरा याला ही मंडळी पत्रांत नावं ठेवतात, सगळी मिरी दाबून बसतो म्हणून बोटं मोडतात. आणि त्याच वखारीच्या हिशेबात त्याच्याकडून उचललेलं कर्ज आहे. वीरजी लोभी होता का, हे त्या पत्रांतून कळत नाही. इंग्रज त्याच्यावाचून जहाज भरू शकत नव्हते, हे मात्र पक्कं कळतं.

@गडवाट, १६८० च्या बातमीत मुंबईवाल्यांचा स्वार्थ नव्हता, म्हणून ती चांगली. जानेवारी १६६४ ची सुरत घ्या. वखारीचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन. आम्ही शे-दोनशे माणसांनी वखार कशी राखली, ढोल वाजवत शहरातून कशी फेरी काढली, हे सगळं त्यांच्याच लेखणीतून. पुढे औरंगजेबाने जकातीत सूट दिली, कंपनीने ऑक्झेंडनला सुवर्णपदक दिलं. ज्या वर्णनावर बक्षीस मिळणार ते वर्णन तुम्ही भाटाचं नाही म्हणाल का?

आणि महाराजांचं ते वर्णन, मध्यम उंची, ताठ बांधा, तीक्ष्ण नजर, जे प्रत्येक भाषणात येतं? ते कुठल्याही व्यापाऱ्याचं नाही. सुरतेच्या वखारीतला पाद्री एस्कॅलियट याने इंग्लंडमधल्या थॉमस ब्राउन नावाच्या डॉक्टरला लिहिलेल्या खाजगी पत्रातलं आहे. त्याने स्वतः पाहिलेलं नाही, ‘ज्यांनी पाहिलं ते सांगतात’ असं तो प्रामाणिकपणे लिहितो. आपण ते ‘सांगतात’ गाळून टाकतो.

---

जुनीमोडी

एक मुद्दा सगळ्यांचाच सुटतो आहे. ही पत्रं ‘इंग्रजांची’ आहेत का?

रायगडाच्या बहुतेक बातम्या मुंबईला कुणाकडून मिळत? नारायण शेणवी. तो इंग्रजांचा दुभाषी आणि वकील. १६७४ च्या वसंतात हेन्री ऑक्झेंडनच्या आधी तो रायगडाला जाऊन आला, महाराजांचे मंत्री निराजीपंत यांच्याशी बोलणी केली. ऑक्झेंडन दरबारात उभा राहिला तेव्हा अंगठी उंच धरून महाराजांचं लक्ष वेधणारा तोच. ऑक्झेंडनला मराठी येत नव्हतं. त्याने लिहिलेलं प्रत्येक संभाषण आधी शेणव्याच्या कानातून आणि तोंडातून गेलं आहे. सुरतेत तेच काम दलालांचं. भीमजी पारेख हा कंपनीचा दलाल इतका वजनदार की त्याच्या आग्रहावरून कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक इकडे धाडला.

तेव्हा खतावणी विचारतात की इंग्रज व्यापाऱ्याचा स्वार्थ काय. माझा प्रश्न आहे, शेणव्याचा काय? दोन्ही बाजूंना तह व्हावा असं वाटत राहणं ही त्याची रोजीरोटी होती. मराठ्यांचा नकार तो इंग्रजांपर्यंत मऊ करून पोहोचवत असणार, असं मला वाटतं. पत्रात ‘राजा अनुकूल आहे’ असं वाचलं की मी आधी हे पाहते की ही बातमी आणली कोणी.

यावरून पत्रं टाकाऊ ठरत नाहीत. उलट त्यांच्यात आपल्या माणसांचा आवाज आहे, तो इंग्रजी सहीखाली दबलाय. तो शोधायचं काम कुणी फारसं केलेलं नाही.

---

दफ्तरखाना

मुंबईच्या राज्य पुरालेखागारात सुरत वखारीच्या वह्या आहेत, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनीचं मूळ दफ्तर आहे. थोडंफार त्या कागदांत बसलेला माणूस म्हणून गडवाट यांच्या बाजूने बोलतो.

खतावणी असं मांडत आहेत की प्रत्येक पत्र एकट्याने, मनास येईल तसं लिहिलेलं. तसं नव्हतं. कौन्सिलच्या बैठकीची नोंद वेगळी, आलेल्या पत्रांची वही वेगळी, गेलेल्या पत्रांची वेगळी, हिशेबाची वेगळी. लंडनला जाणारं पत्र एकाहून अधिक जहाजांतून पाठवत, एक बुडालं तर दुसरं पोहोचावं म्हणून. अध्यक्षाने लिहिलेलं खोटं असेल तर त्याच्याशी वाकडं असलेला कौन्सिलचा सदस्य स्वतंत्र पत्र धाडायचा, आणि तशी पत्रं आहेत. इतक्या ठिकाणी एकच थाप सांभाळणं अवघड.

वापरणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण यावरून दर वर्षी नवे घोटाळे होतात. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं आणि त्यांचं कॅलेंडर युरोपातल्या नव्या कॅलेंडरपेक्षा १० दिवस मागे होतं. सुरतेच्या पहिल्या लुटीच्या पत्रांवर म्हणूनच जानेवारी १६६३ दिसतं. ते १६६४ च आहे. यावरून ‘इंग्रजांना तारीखही नीट माहीत नव्हती’ असं म्हणणारे लेख मी पाहिले आहेत.

---

खतावणी

@दफ्तरखाना, वह्यांचा मुद्दा भक्कम आहे. पण जहाजाला इंग्लंडला पोहोचायला सहा-आठ महिने लागत. उत्तर येईपर्यंत दीड-दोन वर्षं. तोवर निम्मी माणसं तापाने गेलेली, उरलेली बदलून गेलेली. तपासणी होती, पण ती झाली तेव्हा प्रसंग केव्हाच संपलेला असे. रेव्हिंग्टन कैदेत असताना लंडनचा निवाडा त्याच्या काय उपयोगाचा होता? म्हणून मला सुरत आणि राजापूर यांच्यातली आपसातली पत्रं लंडनच्या पत्रांपेक्षा मोलाची वाटतात. तिथे माणसं चिडतात, घाबरतात, एकमेकांवर ढकलतात.

@जुनीमोडी, शेणव्याचा मुद्दा मान्य. माझा नियम त्यालाही लावायचा.

---

गडवाट

मी अजूनही म्हणतो की तुम्ही संशयाला फार वर चढवलंत. ऑक्झेंडनने दरबारातल्या भाल्यांवरचे सोन्याचे मासे आणि तराजू टिपले. त्यात त्याचा काय फायदा? तो माणूस पाहत होता आणि लिहीत होता. प्रत्येक ओळीमागे हिशेब नसतो.

---

अर्जुनाकाठ

गडवाट, दरबारापुरतं मान्य. पण रेव्हिंग्टनकडे परत या, धागा त्याच्यावर आहे.

१६६० च्या सुरुवातीला मराठ्यांची फौज राजापूरवर आली होती, अफजलखानाच्या गलबतांवरून वाद झाला आणि इंग्रज वखारीतल्या फिलिप गिफर्डला धरून नेलं. तेव्हा फेब्रुवारीत याच रेव्हिंग्टनने महाराजांना पत्र लिहिलं. गिफर्डला सोडा, आम्ही तुम्हाला (जंजिऱ्याच्या सिद्दीची) दंडा-राजपुरी घ्यायला मदत करू, असं त्यात आहे. आणि त्यानंतर काही महिन्यांतच हा माणूस पन्हाळ्याखाली सिद्दी जौहरच्या बाजूने तोफ डागतो.

खतावणींच्या नियमाने हे पत्र मान सोडवणारं, म्हणजे संशयाचं. गडवाटांच्या नियमाने ते समकालीन, म्हणजे विश्वासाचं. मी म्हणतो, महाराजांनी ते वाचून घेतलं असणार आणि लक्षात ठेवलं असणार. १६६१ मध्ये राजापुरात इंग्रजांना जी वागणूक मिळाली ती फक्त पन्हाळ्याची शिक्षा नव्हती, दिलेला शब्द मोडल्याचीही होती. सुरतेने १६६२ च्या उत्तरात पन्हाळा आणि निशाण सांगितलं. हे फेब्रुवारीचं पत्र त्याच्या शेजारी ठेवून कुणी बोलणार असेल तर मी पुढे वाद घालायला तयार आहे.