तांबड्या पेशींतले अल्डोज रिडक्टेज मोजताना

तांबड्या पेशींतल्या अल्डोज रिडक्टेज या एन्झाइमवरून मधुमेहातल्या डोळ्यांच्या किंवा मज्जातंतूंच्या गुंतागुंतीचा अंदाज येतो का, हा प्रश्न रास्तच आहे. या पेशींत ग्लुकोज इन्सुलिनशिवाय आत शिरते, नेत्रभिंगातही तसेच. साखर वाढली की हेक्सोकायनेजला, म्हणजे ग्लुकोज नेहमीच्या वाटेला लावणाऱ्या एन्झाइमला, ती झेपत नाही. उरलेल्या ग्लुकोजचे अल्डोज रिडक्टेज सॉर्बिटॉल (एक साखर-अल्कोहोल) करते आणि त्यात एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारे मदतनीस द्रव्य) खर्ची पडते. ग्लुटाथायोन हे पेशीचे संरक्षक द्रव्य पुन्हा कामाचे करायला तेच लागते, म्हणून ऑक्सिडीकरणाशी झुंजण्याची पेशीची ताकद घटते.

खरी गोची मोजणीत आहे. हेपॅरिनमधले (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यातले) रक्त बर्फात ठेवा. ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्माबरोबर त्याखालचा पातळ पांढरा थरही काढा, नाहीतर पांढऱ्या पेशींची एन्झाइमे आकड्यात मिसळतात. मग ०.९ टक्के थंड सलाइनने तीनदा धुवा. ग्लिसराल्डिहाइड (एन्झाइमने ज्यावर काम करायचे तो पदार्थ) घालून ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएचची घट बघतात, पण हिमोग्लोबिनही तिथे बराच प्रकाश शोषते. ते आधी घटक वेगळे करणाऱ्या स्तंभातून (कॉलम) काढून टाका. ग्लिसराल्डिहाइड नसलेली कोरी नळी हवीच, तिची घट वजा करायची. निकाल हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे लिहा, मात्र हिमोग्लोबिन स्तंभापूर्वी मोजलेले घ्या. स्तंभानंतरचे घेण्याची चूक फार होते!

कोवळ्या पेशींत बरीच एन्झाइमे जास्त सक्रिय असतात. रक्तस्रावानंतर किंवा लोहाचे उपचार सुरू असताना आकडा फसवू शकतो, म्हणून सोबत रेटिक्युलोसाइट, म्हणजे या कोवळ्या पेशी, मोजा.

गटांची तुलना करायला ही चाचणी चांगली. एकट्या रुग्णासाठी मात्र दृष्टिपटलाची तपासणी, लघवीतले अल्ब्युमिन आणि पावलावरची १० ग्रॅम मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का हे बघायचा बारीक तंतू) चाचणी सोडू नका.