गुडघ्याखाली उशी नको
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुमच्या सासूबाईंना गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. बरं वाटतं हे खरं, पण ती सवय आधी मोडा. गुडघा सतत वाकलेला राहिला की पुढे पूर्ण सरळ होत नाही, चालताना लंगडणं राहून जातं. उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा अधांतरी राहून हळूहळू सरळ होतो. माझ्या आईला तिच्या ऑपरेशननंतर ते फार नकोसं व्हायचं. म्हणून फिजिओथेरपिस्टनी क्रम लावून दिला: वेदनाशामक गोळी, अर्ध्या तासाने व्यायाम, मग बर्फाचा शेक. त्याने खूप फरक पडला. खुर्चीतून सहज उठायला गुडघा ९० अंशांच्या थोडा पुढे वाकावा लागतो, तेही बघा. आणि पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर कृपा करून मालिश करू नका, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.