बरोक ऐकताना नेमकं काय धरून ऐकायचं?

रविवारचा_रियाज:
मंडळी, महिनाभर ऑफिसला जाता येता बरोक, म्हणजे युरोपातलं जुनं शास्त्रीय संगीत ऐकतोय, बाख, विवाल्दी, हँडल वगैरे. बरं वाटतं पण खरं सांगू का, दहा मिनिटांनी सगळं एकसारखंच वाटायला लागतं, शिलाई मशीन चालू आहे आणि बंदच होत नाहीये असं. मी थोडीफार पेटी वाजवतो, स्टाफ नोटेशन येत नाही. फ्यूग, स्वीट, कंचेर्तो हे नुसते शब्द माहितीयेत. सुरुवात कुठून करू?

खर्जातला:
वरची चाल सोड, खालून ऐक. 1600 ते 1750 च्या या सगळ्या संगीताचा पाया म्हणजे बासो कंटिन्युओ, म्हणजे सतत चालू असलेली खालची ओळ: चेलोसारखं एखादं खर्जातलं वाद्य आणि सोबत हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं पट्ट्यांचं जुनं वाद्य) नाहीतर ऑर्गन. गंमत म्हणजे हार्प्सिकॉर्डवाल्याला पूर्ण लिहून दिलेलं नसायचंच, डाव्या हाताचे सूर आणि त्याखाली आकडे, उजव्या हाताने काय भरायचं ते ज्याचं त्याने बघायचं. कीर्तनातला पेटीवाला करतो ना, तसंच काहीसं.
इंग्रज संगीतकार पर्सेलच्या 1689 च्या सुमाराच्या ऑपेरातलं (गाऊन सादर केलेलं नाटक) डायडो राणीचं शेवटचं गाणं लाव. आधी पेटीवर सा धर आणि एकही पट्टी न गाळता खाली ये: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. मग परत सा ला. झाली बासची ओळ. ही अकरा वेळा येते, पण गाण्याची ओळ आणि बासची ओळ एका जागी संपतच नाहीत, बास परत सुरू झाला तरी बाईचं वाक्य चालूच असतं. सगळं दुःख त्या सरकण्यात आहे.

चहाबाज:
म्हणजे तबला सोलोचा लेहरा!

खर्जातला:
हो आणि नाही. लेहरा ताल मोजून देतो, इथे बास वर कुठले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, लागणार तेही ठरवतो.

जुनी_कॅसेट:
शिलाई मशीनचं म्हणशील तर त्यात चूक नाहीये तुझी, एका मूव्हमेंटमधे, म्हणजे रचनेच्या एका भागात, शक्यतो एकच भाव आणि एकच चाल धरून ठेवायची हीच तेव्हाची रीत. त्यात हार्प्सिकॉर्डची तार छेडली जाते, बोट जोरात मारा की हळू, आवाज जवळपास तेवढाच.
विवाल्दीचा 'वसंत' घे (चार ऋतू, छापले 1725 ला), त्यातला पहिला भाग. सुरुवातीचा तुकडा सगळे मिळून वाजवतात, मग वाद्यांवर पक्ष्यांचे आवाज, मग तुकडा, मग झरा, परत तुकडा, मग गडगडाट. या परत परत येणाऱ्या तुकड्याला रिटोर्नेलो म्हणतात. मुखड्यासारखा वाटतो पण मुखडा आपला त्याच सुरात येतो, हा मात्र पट्टी बदलून येतो, गडगडाटानंतर तर चक्क उदास मायनरमधे. तेवढं पकडलंस की कंचेर्तो, म्हणजे एक सोलो वाद्य आणि बाकी सगळा ताफा, कळला समज.
स्वीट म्हणजे नाचांची माळ, आलमांद, कूरांत, साराबांद, जीग. त्यात फार डोकं घालू नकोस आत्ता.

चहाबाज:
आणि फ्यूग? मला तर चार जण एकदम बोलतायत असंच वाटतं.

खर्जातला:
बोलतातच, पण विषय एकच. बाखचा ऑर्गनवरचा जी मायनरमधला छोटा फ्यूग ऐक. आधी एकटा वरचा आवाज विषय मांडतो. मग दुसरा तोच विषय पंचमावरून घेतो आणि पहिला गप्प न बसता वेगळंच काहीतरी म्हणत राहतो. मग तिसरा, आणि शेवटी पायाने वाजणाऱ्या पेडलवर चौथा. वरून खाली असे चार जिने उतरल्यासारखं. पहिल्या वेळी फक्त एंट्र्या मोज, बाकी काही नको.

रविवारचा_रियाज:
काल रात्री डायडोचा बास पेटीवर काढला. कोमल ध वरून प वर येताना अंगावर काटा आला राव. चौथ्यांदा वाजवत होतो तर आई आतून म्हणाली, "कोण गेलं रे?"