ट्रेलरच्या चाकावरचं प्लॅस्टिक तडकलं, काय करू?

मंडळी, आमच्या कॅम्पर ट्रेलरच्या चाकावरचं प्लॅस्टिक स्कर्ट स्क्रूपाशी तडकलंय, कसारा घाट चढून नाशिकला पोचलो तेव्हा बघितलं तर बोटभर चीर, इन्स्टंट ग्लू लावला तर दोन दिवसांत परत उघडली. नवीन पीस मिळेना.

सातपूरकर: पार्ट काढून मागे बघा, एबीएस लिहिलंय की पीपी (हे प्लॅस्टिकचे दोन प्रकार). एबीएस असेल तर त्याचेच तुकडे एसिटोनमध्ये (प्लॅस्टिक विरघळवणारं द्रावण) विरघळवून घट्ट लगदा करा, मागून फायबरची जाळी ठेवून थापा, रात्रभर सुकू द्या. पीपीला एसिटोन काही करत नाही, तिथे प्लॅस्टिक वेल्डिंगच, म्हणजे गरम करून वितळवून जोडणं. आणि चिरेच्या टोकाला आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर ती पुढे सरकतच राहणार.

गंगापूररोड: भाऊ, खरा घोळ स्क्रूचा असणार. आपल्याकडे जानेवारीत कुडकुडायचं आणि मेमध्ये चाळिशी, प्लॅस्टिक आकसतं-फुगतं, त्याला जागा नको का? भोक स्क्रूपेक्षा जरा मोठं ठेवा, रबरी वॉशर टाका, हातानेच आवळा.

प्रश्नकर्ता: काढलं. एबीएसच आहे, आणि वॉशर प्लॅस्टिकमध्ये रुतून बसलेला. ड्रिल मशीनने मीच आवळले होते, घरी सांगू नका 😅

सातपूरकर: एसिटोन गच्चीवर वापरा, गॅसजवळ अजिबात नको.