मदत हवी आहे: गोठ्यात उजेड पडत नाही, गाय व्यायला आली

माळव्यातला: इंदूरजवळ सिमरोलकडे शेत आहे. विजेचा खांब फार लांब. 100 वॅटचं सोलर पॅनेल बसवलं, तरी गोठ्यातले बल्ब मिणमिणतात. तीनदा बदलले. काल कंदील धरून गाईची कास पाहिली. पहिलारू आहे, आठवडाभरात व्यायची. लवकर सांगा.

तारवाला: बॅटरी केवढी? बल्ब किती वॅटचे?

माळवा_सोलर: पॅनेल दक्षिणेकडे, 22-23 अंश कलतं ठेवा. इंदूरला हेच बसतं.

राऊचे_काका: बॅटरीच बदला. मी लिथियम घेतली, निश्चिंत झालो. लेड अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते.

माळव्यातला: बॅटरी नवी आहे, 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवर. बल्ब 9 वॅटचे तीन.

शेतकरी_ताई: काका, 27 वॅट दहा तास म्हणजे 270 वॅट-तास. या बॅटरीच्या निम्म्यातही मावतात. उगाच खर्चात पाडू नका त्यांना.

राऊचे_काका: ताई, पावसाळ्यात आठ दिवस ऊन नसतं तेव्हा बोला.

बांधावरून: कुसुम योजनेत पंपाला अनुदान मिळतं.

माळव्यातला: पंपाचं विचारलंच नाही हो!

तारवाला: बॅटरी ते गोठा अंतर?

माळव्यातला: बॅटरी खोलीत आहे. गोठा विहिरीपलीकडे, 60 मीटर. तार दीड एमएमची.

तारवाला: मग दोष तारेचाच. जाऊन-येऊन 120 मीटर, सव्वातीन व्होल्ट तिथेच जातात. बल्ब लावून गोठ्यात व्होल्टमीटर धरा.

माळव्यातला: 9.2 दाखवतोय. खोलीत 12.5. इन्व्हर्टर लावून घरच्या विजेसारखे 230 व्होल्ट पाठवू का?

तारवाला: ओल्या गोठ्यात 230 नको. गुरांना थोडा शॉकही जिवावर बेततो. बॅटरी, तिचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर, पॅनेल सगळं गोठ्याकडेच न्या. बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

शेतकरी_ताई: डासांना कडुनिंबाचा धूर करा, वासराला बरं.

तारवाला: ताई, विस्तव बॅटरीपासून लांब. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बॅटरी हवेशीर ठेवा, गाईचं शिंग लागणार नाही अशी.

माळव्यातला: हातगाडीवर घालून बॅटरी नेली, तिन्ही बल्ब लख्ख. गव्हाणीतल्या कडब्याची काडी न् काडी दिसतेय. पॅनेल उद्या हलवतो, फ्यूज इंदूरच्या महाराणी रोडवरून आणतो. तारवाला दादा, फ्यूज किती अँपिअरचा?

तारवाला: बल्बांच्या तारेला 5चा. गाय व्याली की कळवा.